आठ शेजाऱ्यांचा एक हौद

आठवीच्या वर्गात भूगोलाचा तास चालू होता. फळ्याशेजारी आशियाचा नकाशा टांगलेला. मी मुलांना सहज विचारलं, "कोणाकोणाचे अब्बा, चाचा किंवा मामू गल्फला आहेत?" निम्म्याहून जास्त हात वर झाले. कोकणातल्या आमच्या शाळेत यात नवल काही नाही. मुंबई-पुण्याचा रस्ता ठाऊक नसलेल्या मुलाला इथे दमाम, दोहा आणि मस्कत नकाशावर बरोबर दाखवता येतं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, "टीचर, माझे अब्बा कुवेतला आहेत. ते सांगतात, तिथे नळाला समुद्राचं पाणी येतं, मीठ काढलेलं. मग तो समुद्रच घाण झाला तर सगळे पिणार काय? आणि तो साफ ठेवतं कोण? तिथे तर एवढे देश आहेत."

मी तिला शाबासकी दिली आणि खरं सांगायचं तर वेळ मारून नेली. उत्तर मला पुरतं माहीत नव्हतं. घरी आल्यावर मात्र तो प्रश्न पाठ सोडेना, कारण तो माझ्याही घरातला प्रश्न होता. माझे अब्बा कुवेतमध्ये वीज आणि पाणी तयार करणाऱ्या एका केंद्रात फिटर होते. आज माझा धाकटा भाऊ आखातातच नोकरी करतो. आमच्या घराच्या भिंती, माझं बी.एड., बहिणीचं लग्न, सगळं त्या समुद्राच्या काठावर कमावलेल्या पैशातून झालेलं. म्हणून मग मी वाचत गेले. त्या मुलीला नंतर जे सांगितलं, तेच आज आपल्यापुढे ठेवते आहे.

हौदासारखा समुद्र

नकाशात पाहा. इराण एका बाजूला आणि अरबस्तान दुसऱ्या बाजूला, मध्ये चिंचोळं आखात. लांबी सुमारे एक हजार किलोमीटर, पण सरासरी खोली अवघी ३५ मीटरच्या आसपास. म्हणजे दहा-बारा मजली इमारत मधोमध उभी केली तर तिची गच्ची पाण्याबाहेर राहील. बाहेरच्या मोठ्या समुद्राशी या आखाताची गाठ फक्त होर्मुझच्या सामुद्रधुनीतून. ऊन कडक, पाऊस जवळजवळ नाही, त्यामुळे पाणी सतत वाफ होऊन उडतं आणि मागे मीठ उरतं. आपल्या कोकणच्या समुद्रापेक्षा तिथलं पाणी जास्त खारट आहे ते यामुळे. आतलं पाणी पूर्ण बदलून नवं यायला काही वर्षं लागतात.

मुलांना हे समजवायला मी मशिदीच्या हौदाचं उदाहरण दिलं. वाहत्या नदीत काही पडलं तर ते पुढे निघून जातं. हौदात पडलं की हौदातच राहतं. आणि हौदावर वुजू करायला बसलेल्या माणसांना 'ही माझी बाजू, ती तुझी बाजू' असं म्हणता येत नाही. बाजू वेगळ्या असल्या तरी पाणी एकच.

या हौदाचे शेजारी आठ आहेत. बहारीन, इराण, इराक, कुवेत, ओमान, कतार, सौदी अरेबिया आणि संयुक्त अरब अमिराती. इराकच्या वाट्याला साठ किलोमीटरहूनही कमी किनारा आला आहे, तर इराणचा किनारा शेकडो किलोमीटरचा. कोणी मोठं, कोणी लहान, कोणी राजेशाही, कोणी प्रजासत्ताक. भाषा वेगळी, मसलक वेगळा, आणि राजकारणात तर अनेकदा तोंडाला तोंड नाही. समुद्राच्या नावावरूनसुद्धा भांडण आहे. इराण एक नाव घेतो, अरब देश दुसरं.

पूर्वी याच समुद्रातून आपलं येणं-जाणं होतं. कुवेतची गलबतं बसऱ्याचा खजूर भरून मुंबईला आणि मलबारला येत, जाताना लाकूड, तांदूळ, मसाले नेत. १९६१ पर्यंत कुवेतच्या बाजारात रुपया चालत होता. त्या काळी कुवेतमध्ये पिण्याचं पाणीसुद्धा गलबतातून येई, इराकच्या शत्त-अल-अरब नदीतून भरून. समुद्राचं पाणी गोडं करण्याचे मोठे कारखाने तिथे १९५० च्या दशकात सुरू झाले. शेजाऱ्याच्या नदीवर आधी तहान भागत होती, आता सामायिक समुद्रावर भागते. शेजाऱ्यांशी बांधलेलं राहणं काही सुटलेलं नाही.

१९७८ चा करार

एप्रिल १९७८ मध्ये हे आठही देश कुवेतमध्ये एकत्र बसले. तेलाचा पैसा ओसंडून वाहत होता, बंदरं वाढत होती, जहाजांची रांग लागलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने जगभरातल्या समुद्रांसाठी शेजारी देशांना एकत्र आणण्याचं काम नुकतंच हाती घेतलं होतं. भूमध्य समुद्राच्या देशांनी १९७६ मध्ये बार्सिलोनात करार केला होता. त्यानंतर दोनच वर्षांनी आखाताने केला. त्याला कुवेत करार म्हणतात. २४ एप्रिल हा दिवस त्या भागात आजही प्रादेशिक पर्यावरण दिन म्हणून पाळतात.

कराराचं काम पाहण्यासाठी १९७९ मध्ये एक संघटना उभी राहिली. तिचं कार्यालय कुवेतमध्ये आहे आणि तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून तिला रोपमे म्हणतात. तेल सांडलं तर एकमेकांना ताबडतोब कळवायचं आणि मदत करायची यासाठी वेगळं केंद्र १९८२ मध्ये बहारीनला सुरू झालं. पुढे समुद्रातल्या तेलविहिरींमुळे होणारी घाण, जमिनीवरच्या गटारांतून आणि कारखान्यांतून येणारी घाण, घातक कचऱ्याची ने-आण, अशा एकेका विषयावर पुरवणी करार होत गेले.

नावाच्या भांडणावर त्यांनी काढलेला तोडगा मला विशेष आवडला. कराराच्या कागदात या पाण्याला त्यांनी भांडणाचं कुठलंच नाव दिलं नाही. अक्षांश-रेखांश देऊन हद्द ठरवली आणि नुसतं 'सागरी क्षेत्र' म्हटलं. पुढे त्यालाच 'रोपमे सागरी क्षेत्र' म्हणू लागले. काम करायचं असेल तर वादाचा विषय दाराबाहेर ठेवता येतो. आपल्या मोहल्ला कमिट्यांनाही हा धडा घेण्यासारखा आहे.

जिथे सहकार्य हरलं

पण सगळं गोड-गोड सांगितलं तर ते खोटं होईल. करार होऊन अडीच वर्षं झाली नाहीत तोच १९८० मध्ये इराण-इराक युद्ध पेटलं. १९८३ च्या सुरुवातीला इराणच्या नौरोझ या समुद्रातल्या तेलक्षेत्रात एक टँकर तेलविहिरीच्या मनोऱ्याला धडकला आणि तेल गळू लागलं. थोड्याच दिवसांत त्याच तेलक्षेत्रावर इराकने हल्ला केला आणि आणखी विहिरी फुटल्या. गळती बंद करायची तर कामगारांना तिथे जायला हवं, आणि तिथे जायचं तर गोळीबार थांबायला हवा. सदस्य देशांच्या बैठका झाल्या. तेवढ्या कामापुरती शस्त्रसंधी करा असा आग्रह झाला. दोन्ही देश तयार झाले नाहीत. पहिली विहीर बंद व्हायला सप्टेंबर उजाडला आणि शेवटची १९८५ मध्ये बंद झाली.

त्या वर्षी किनाऱ्यावर मेलेल्या समुद्रगायी वाहून येऊ लागल्या. समुद्रगाय हा मोठा, शांत, समुद्रातलं गवत खाऊन जगणारा प्राणी. डझनावारी मेल्या तेव्हा तज्ज्ञांना वाटलं, आता आखातातून हा प्राणी संपला. काहींचा अंदाज होता की मूळ संख्याच पन्नासेक असावी. १९८६ मध्ये विमानातून पाहणी झाली तेव्हा चित्र वेगळं निघालं. बहारीन आणि कतारच्या मधल्या पाण्यात सहाशेहून जास्त समुद्रगायींचा एकच कळप दिसला आणि एकूण संख्या सात हजारांच्या आसपास असावी असा अंदाज बांधला गेला. ऑस्ट्रेलियानंतर जगात सर्वांत जास्त समुद्रगायी याच आखातात आहेत. म्हणजे आपल्या अंगणात काय आहे हे शेजाऱ्यांना तोवर ठाऊकच नव्हतं. जे मोजलं नाही त्याची काळजी कशी घेणार?

आमच्या घरातलं १९९०

यापुढची गोष्ट मला पुस्तकात वाचावी लागली नाही. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा मी प्राथमिक शाळेत होते. अब्बांची खबर नाही, पत्र नाही, पैसे नाहीत. अम्मी रोज संध्याकाळी शेजारच्या घरी रेडिओवरच्या बातम्या ऐकायला जायची आणि मला दारात बसवून जायची, पोस्टमन आला तर हाक मार म्हणून. पोस्टमन संध्याकाळी येत नसतो हे तिलाही माहीत होतं.

सप्टेंबरच्या शेवटी अब्बा आले. बसने बगदादमार्गे जॉर्डन, तिथे वाळवंटातल्या छावणीत काही दिवस, मग अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. त्या दोन महिन्यांत एअर इंडियाने सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना असं परत आणलं. आठ वर्षांच्या नोकरीतून अब्बांच्या हातात एक पिशवी उरली होती. त्यात कपड्यांचा एक जोड, जानमाज आणि कारखान्याच्या चाव्यांचा जुडगा. "चाव्या कशाला आणल्यात?" अम्मीने विचारलं. ते म्हणाले, "पाण्याच्या पंपाच्या आहेत. परत गेल्यावर लागतील."

जानेवारी १९९१ मध्ये शेजाऱ्यांच्या टीव्हीवर काळ्या तेलात माखलेला एक पाणकावळा दिसला. पंख उचलायचा प्रयत्न करत होता आणि उचलत नव्हते. ते चित्र आमच्या पिढीतला कोणी विसरला नसेल. कुवेतच्या तेलसाठ्यांतून समुद्रात सोडलेलं तेल ६० ते ८० लाख पिंपं असावं असा अंदाज आहे. तेलाचा तवंग दक्षिणेकडे सरकत सौदीच्या किनाऱ्याला लागला. सहाशे किलोमीटरहून अधिक किनारा काळा झाला. जुबैलचा पाणी गोडं करण्याचा कारखाना धोक्यात आला. हा कारखाना बंद पडला असता तर शेकडो किलोमीटर आत वसलेल्या रियाध शहराचे नळ सुकले असते. कारखान्याच्या तोंडाशी तरंगते अडसर घालून, दिवसरात्र तेल उपसून तो वाचवला गेला. पुढे अबू अली या बेटाने तवंगाची वाट बरीचशी अडवली. आणि कुवेतमध्ये पेटवलेल्या सहाशेहून अधिक तेलविहिरींपैकी शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ रोजी विझली.

अब्बा १९९२ मध्ये परत गेले. सुट्टीवर आल्यावर सांगायचे, शहराबाहेर वाळवंटात तेलाची तळी साचली आहेत, पक्ष्यांना ती पाण्यासारखी दिसतात आणि ते उतरतात.

युद्धानंतरचं काम

१९९२ मध्ये रोपमे, युनेस्कोचा सागर आयोग आणि अमेरिकेची सागरसंस्था यांनी मिळून 'माउंट मिचेल' नावाचं संशोधन जहाज आखातात सुमारे शंभर दिवस फिरवलं. पाणी, गाळ, मासे, प्रवाळ, सगळ्याचे नमुने घेतले. त्यात निरनिराळ्या देशांचे शास्त्रज्ञ एकत्र होते. युद्धाने शेजाऱ्यांत तेढ पसरवली होती, पण तेल कोणाच्या काठाला किती लागलं हे मोजायला शेजारीच हवे होते.

त्या मोजण्याचा पुढे उपयोगही झाला. नुकसानभरपाईसाठी संयुक्त राष्ट्रांनी १९९१ मध्ये एक आयोग नेमला. इराकच्या तेलविक्रीतून ठरावीक वाटा कापून या आयोगाने एकूण ५२ अब्ज ४० कोटी डॉलर वाटले. शेवटचा हप्ता जानेवारी २०२२ मध्ये दिला गेला. यातले पाच अब्ज डॉलरांहून अधिक केवळ पर्यावरणाच्या नुकसानीपोटी होते. युद्धात मेलेली माणसं मोजतात, पडलेली घरं मोजतात. समुद्र, दलदल आणि माती यांचं नुकसान इतक्या मोठ्या प्रमाणावर मोजून ते भरून देण्याची वेळ त्याआधी आली नव्हती. आणि ज्यांच्याकडे मोजमापाचे कागद होते त्यांचेच दावे टिकले.

तरीही पैसा सगळं परत आणत नाही. सौदीच्या किनाऱ्यावर खेकड्यांच्या बिळांतून तेल गाळात खोल उतरलं होतं. वीस-वीस वर्षांनंतरही तिथे खणलं की तेल लागत होतं. मग चर खणून भरतीचं पाणी पुन्हा दलदलीत खेळवण्याचं काम हाती घेतलं गेलं. सांडायला काही दिवस आणि निस्तरायला एक पिढी, असा हा हिशेब आहे.

छोटे नियम, मोठा उपयोग

आता जिथे सहकार्य यशस्वी झालं त्या गोष्टी. त्या बातमीत येत नाहीत, कारण त्यांत धूर नाही.

तेलवाहू जहाजं आपल्या टाक्या धुऊन ते मळकं पाणी समुद्रात ओतत असत. जगाच्या सागरी करारात १९७३ मध्येच आखाताला विशेष क्षेत्र ठरवलं होतं, म्हणजे इथे असं पाणी ओतायला मनाई. पण एक अट होती. मनाई लागू करायची तर किनाऱ्यावरच्या देशांनी आपापल्या बंदरात ते मळकं पाणी उतरवून घेण्याची सोय करायला हवी. एकाने केली आणि दुसऱ्याने केली नाही तर उपयोग नाही. ही सोय पुरी होऊन नियम लागू व्हायला १ ऑगस्ट २००८ उजाडला. पस्तीस वर्षं! शेजाऱ्यांनी एकमेकांची वाट पाहत बसण्याची किंमत यावरून कळते, आणि चिकाटी सोडली नाही तर काम होतं हेही कळतं.

पुढच्याच वर्षी दुसरा नियम आला. रिकामं जहाज तोल राखायला पोटात समुद्राचं पाणी भरून घेतं आणि माल भरायच्या वेळी ते ओतून टाकतं. त्या पाण्यातून दूरदेशीचे जीवजंतू येतात आणि इथल्या माशांच्या जिवावर उठतात. १ नोव्हेंबर २००९ पासून या सागरी क्षेत्रात येणाऱ्या जहाजांनी ते पाणी आधीच बाहेरच्या खोल समुद्रात बदलून यायचं असं ठरलं. संपूर्ण क्षेत्राला एकच नियम, एकच तारीख. एखाद्याच देशाने हा नियम केला असता तर जहाजं शेजारच्या बंदरात गेली असती.

तिसरी गोष्ट माशांची. आपल्या पापलेटला कुवेती लोक जुबैदी म्हणतात आणि तोच त्यांचा सर्वांत लाडका मासा. अब्बा म्हणायचे, घरची आठवण आली की जुबैदी आणायचा आणि कोकणी मसाला लावायचा. हा मासा कुवेत, इराक, इराण असा कोणाचाही शिक्का घेऊन जन्मत नाही. एका देशाने पिल्लं सोडून दिली आणि शेजाऱ्याने बारीक जाळ्यात धरली, तर पहिल्याचा सब्र फुकट. म्हणून या आठ देशांचा संयुक्त मत्स्य आयोगही आहे. २००१ पासून तो संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या छत्राखाली काम करतो. सुरमईचं, म्हणजे तिथल्या कनअदचं, उदाहरण घ्या. १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर हा तिच्या मासेमारीवरच्या बंदीचा काळ अमिराती, कतार आणि ओमानमध्ये सारखाच आहे. तारखा जुळल्या म्हणून बंदीला अर्थ आला.

यात आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली. आठ वर्षं इराण-इराक लढले. कुवेतवर कब्जा झाला. २०१६ मध्ये सौदी आणि इराणने संबंध तोडले, ते २०२३ मध्ये जुळले. २०१७ ते २०२१ कतारची नाकेबंदी झाली. एवढं सगळं होऊन आठही देश या संघटनेत राहिले. घरात भावाभावांचं बोलणं बंद असतं, तरी सामायिक विहिरीचा गाळ काढायला दोघं उतरतात, तसं.

पुढचा धोका

आज आखाताला तेलापेक्षा मोठा धोका संथ पावलांनी येतो आहे. कुवेत, कतार, बहारीन, अमिराती या देशांतल्या लोकांची तहान मुख्यतः समुद्राच्या गोड्या केलेल्या पाण्यावर भागते. प्रत्येक कारखाना समुद्रातून पाणी ओढतो, गोडं पाणी ठेवतो आणि जास्त खारट, गरम पाणी परत सोडतो. एका कारखान्याने फरक पडत नाही. काठावर रांगेने कारखाने उभे राहिले की उथळ हौदाला तो भार जाणवतो. त्यात हवामान बदलाने पाणी तापतं आहे. २०१७ च्या उन्हाळ्यात अबू धाबीच्या किनाऱ्यावरची प्रवाळं उष्णतेने पांढरी पडली आणि पुढच्या वर्षापर्यंत त्यातली सुमारे दोन तृतीयांश मेली.

२००८ मध्ये समुद्रात सूक्ष्म वनस्पतींची दाट लाली पसरली. बाराशे किलोमीटरहून अधिक किनाऱ्याला ती लागली आणि महिनोन् महिने हटली नाही. मासे मेले आणि अमिरातीत पाणी गोडं करणारे कारखाने काही काळ बंद ठेवावे लागले. लाली एका देशाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत सरकायची. अशा वेळी आधीच्या देशाने वेळेवर कळवलं तरच पुढच्याला पाणी साठवून ठेवता येतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं नेमकं उत्तर इथे आहे. तिच्या अब्बांच्या नळाला उद्या पाणी येईल की नाही, हे शेजारच्या देशातला एखादा अनोळखी कर्मचारी आज फोन उचलतो की नाही यावर अवलंबून असू शकतं.

उत्तरेकडून येणारं गोडं पाणीही आटतं आहे. तैग्रिस आणि युफ्रेटिस नद्या शत्त-अल-अरब होऊन आखाताला मिळतात. पापलेटसारख्या माशांची पैदास या गोड्या पाण्याच्या आधाराने होते. पण या नद्यांवरची बरीच धरणं तुर्कस्तान आणि सीरियात आहेत, आणि ते देश आखाताच्या काठावर नाहीत. म्हणजे आठ शेजाऱ्यांचं एकमत झालं तरी हौदात येणाऱ्या पाटाची चावी दुसऱ्याच्या हाती आहे. हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

आपल्या काठावर

वर्गात एक मुलगा म्हणाला, "टीचर, हे तिकडचं झालं. आपलं काय?" बरोबर विचारलं.

मे-जूनमध्ये वारा फिरला की कोकण आणि गोव्याच्या वाळूवर डांबराचे काळे गोळे येऊन पडतात. पाय माखतात, जाळी खराब होतात. बोटींनी समुद्रात सोडलेलं किंवा तेलविहिरींतून गळलेलं तेल घट्ट होऊन बनलेले हे गोळे आहेत. कोणत्या देशाच्या बोटीतलं तेल, हे त्यांच्यावर लिहिलेलं नसतं. आपल्या बाजूच्या समुद्रासाठीही भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका आणि मालदीव या पाच देशांची सामायिक कार्ययोजना आहे. ती मार्च १९९५ मध्ये दिल्लीत मंजूर झाली आणि तिचं काम कोलंबोतल्या कार्यालयातून चालतं. पण ती योजना आहे, आखातासारखा बंधनकारक करार नाही. आठ देशांनी भांडत-भांडत का होईना जे केलं, ते पाच देशांना का जमू नये, हा प्रश्न आपल्या मुलांनी मोठेपणी विचारावा अशी माझी इच्छा आहे.

तोवर जवळची कामं आहेतच. महाराष्ट्राने २०२३ मध्ये पापलेटला राज्य मासा जाहीर केलं आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्याहून लहान पकडायचे नाहीत म्हणून. बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेट स्वस्त मिळतात आणि आपणच आनंदाने घेतो. कोळ्याला नावं ठेवण्याआधी आपली पिशवी पाहावी. नियम सरकारचा असला तरी तो पाळला जातो तो स्वयंपाकघरात.

अरबस्तानात फार जुनी 'हिमा' नावाची पद्धत होती. गावाने एखादं कुरण राखून ठेवायचं, ठरलेल्या दिवसांपर्यंत तिथे कोणी जनावर चारायचं नाही, झाडं तोडायची नाहीत. सर्वांच्या मालकीचं आहे म्हणूनच सर्वांनी हात आवरायचा. १९८३ मध्ये सौदीच्या पर्यावरण खात्याने जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेबरोबर इस्लाममधल्या पर्यावरणाच्या तत्त्वांवर एक पुस्तिका काढली, तिच्यात या हिमाची आठवण आहे. शाश्वत विकास हा शब्द नवा आणि जड आहे. त्यातली गोष्ट आपल्या घरांना ओळखीची आहे. हातात आलेली वस्तू अमानत समजायची, इस्राफ करायचा नाही आणि मागून येणाऱ्यांसाठी ठेवायची.

अब्बा आता सत्तरी ओलांडून गेले. घरात नळाला भरपूर पाणी आहे, विहीरही आहे, पण वुजूला ते अजून एक लोटा भरून घेतात आणि तेवढ्यात करतात. नातवंडं हसतात. परवा मी त्यांना त्या मुलीचा प्रश्न सांगितला. थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तीस वर्षं मी त्या समुद्राचं पाणी प्यालो, बेटा. कारखान्यात आम्ही हिंदी, मिसरी, पाकिस्तानी, इराणी, सगळे एका पाळीत असायचो. बाहेर लढाई चालू असली तरी पंपावर कोणी कोणाचा मुल्क विचारला नाही. पाणी थांबलं असतं ना."

चाव्यांचा तो जुडगा अजून कपाटात आहे. त्या मुलीने तो पाहायला मागितला आहे. पुढच्या भूगोलाच्या तासाला मी तो वर्गात घेऊन जाणार आहे.